दप्तरातली निंदणी

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय होतं, ईस्ट इंडिया हाउस. १८५८ साली राणीच्या सरकारने कंपनीचा कारभार काढून घेतला आणि अडीचशे वर्षं आधी व्यापार, मग राज्य केलेल्या या पेढीची आवराआवर सुरू झाली. इमारत मोडीत निघणार होती. नवं इंडिया ऑफिस दुसरीकडे थाटायचं होतं. मधे आडवा आला तो कागदांचा डोंगर. १८६० च्या सुमारास त्यातले जवळजवळ ३०० टन कागद लगदा करण्यासाठी कागदवाल्यांना विकले गेले.

तीनशे टन. आजच्या हिशेबाने दहा टनी ट्रक धरले तर तीस ट्रक.

एवढे कागद साठले कसे, याचं उत्तर कंपनीच्या कामाच्या पद्धतीत होतं. मुंबईहून लंडनला पाठवायचं पत्र आफ्रिकेला वळसा घालून जायचं आणि वाटेत चार-सहा महिने सहज जायचे. जहाज बुडू शकत होतं, शत्रूच्या हाती लागू शकत होतं. म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन नकला करून त्या वेगवेगळ्या जहाजांवर चढवल्या जात. बहुतेक वेळा सगळीच जहाजं सुखरूप पोहोचत, आणि लंडनच्या फडताळांत एकाच मजकुराची दुसरी, तिसरी प्रत जाऊन बसे. मद्रास, कलकत्ता आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या बैठकांची इतिवृत्तं, जहाजांच्या रोजनिशा, वखारींच्या खतावण्या, सैनिकांच्या भरतीच्या याद्या यांची भर दर साली पडतच होती. जी नक्कल जहाज बुडण्याच्या भीतीने केली, ती जहाज पोहोचल्यावर निरुपयोगी होते, हे तिथल्या कारकुनांनाही कळत असणार. पण पोहोचल्याबरोबर ती बाजूला काढून फाडण्याचं काम नेमून दिलेलं कोणी नव्हतं.

तेव्हा त्या ३०० टनांतला मोठा भाग खरोखरच टाकाऊ असेल, हे मान्य करायला हरकत नाही. दुखणं आहे ते वेगळं. कागद वाचून, निवडून, यादी करून टाकले गेले नाहीत. जागा रिकामी करायची होती म्हणून गेले. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १८७० च्या दशकाच्या अखेरीस, उरलेल्या जुन्या कागदांकडे नीट लक्ष वेधलं ते जॉर्ज बर्डवुड यांनी. हे बर्डवुड बेळगावात जन्मले होते आणि त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षं मुंबईत गेली होती. भायखळ्याचं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभं राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा. इंडिया ऑफिसातल्या जुन्या दप्तराची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिला, तेव्हा कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतले कागद काय योग्यतेचे आहेत, हे लंडनला उमगलं.

लंडनमध्ये कागद लगद्याला जात होते त्याच सुमारास कलकत्त्यालाही हाच प्रश्न भेडसावत होता. १८६० साली सिव्हिल ऑडिटर सँडमन यांनी सरकारला सुचवलं की रोजच्या किरकोळ कामाचे कागद नष्ट करून कचेऱ्यांतली दाटी कमी करावी, आणि मोलाचे कागद एका मध्यवर्ती दप्तरखान्यात हलवावेत. सूचनेचे दोन भाग होते आणि दोन्ही एकमेकांवर अवलंबून होते. टाकायचं असेल तर आधी ठेवायचं काय ते ठरवा, आणि जे ठेवायचं त्याला जागा द्या. पुढे त्यासाठी समिती नेमली गेली, तिने काही वर्षं काम केलं, पण मध्यवर्ती दप्तरखाना उभा राहायला तीस वर्षं लागली. ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट सुरू झालं, तेच आजचं दिल्लीतलं राष्ट्रीय अभिलेखागार. त्याची धुरा ज्यांच्याकडे गेली ते जॉर्ज फॉरेस्ट मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक. मुंबई सचिवालयाच्या दप्तरातून मराठ्यांविषयीचे निवडक कागद १८८५ साली त्यांनी छापून काढले होते आणि त्या कामावरच त्यांचं नाव झालं होतं. मुंबईला याबाबतीत आधीपासून सवय होती. इथलं रेकॉर्ड ऑफिस १८२१ मध्येच, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, सुरू झालेलं.

एल्फिन्स्टनना कागदांची किंमत कळण्याचं कारण पुण्यात होतं.

पेशव्यांचं हुजूर दप्तर ही एका चोख हिशेबी कारभाराची गोष्ट आहे. दिवसाची प्रत्येक नोंद रोजकीर्दीत पडायची. तीच नोंद पुढे खात्याखात्याप्रमाणे घडणीत उतरायची, वर्षअखेरीस ताळेबंदात यायची. नानासाहेबांच्या काळात बसलेली ही घडी नाना फडणिसांनी अधिक आवळली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मात्र दप्तराची आबाळ झाली, कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडला, आणि लोक कागद उचलून नेत तरी कोणी अडवत नसे, असं एल्फिन्स्टनच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे. १८१८ मध्ये राज्य बुडालं तेव्हा नव्या सरकारच्या हाती हे विस्कटलेलं दप्तर आलं. ते त्यांनी जाळलं नाही, विकलंही नाही. गोळा करून, लावून ठेवलं.

यामागे इतिहासाचं प्रेम होतं असं समजायचं कारण नाही. हा सगळा मामला महसुलाचा होता. कोणत्या गावाचा वसूल किती, कोणाला इनाम कोणत्या साली मिळालं, देवस्थानाला वर्षासन किती, हे सांगणारा पुरावा त्या मोडी कागदांपलीकडे कुठेच नव्हता. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ आलं आणि या कागदांचं वजन एकाएकी वाढलं. इनामदाराने सनद दाखवावी, सरकार ती पेशवे दप्तरातल्या नोंदीशी ताडून पाहणार, जुळली नाही तर जमीन खालसा. हजारो इनामं या फेऱ्यात सापडली. ज्या घराण्यांनी जुने कागद निष्काळजीपणे माळ्यावर टाकले होते, वाळवीला दिले होते, त्यांना त्या वर्षांत आपल्या दुर्लक्षाचा दाम मोजावा लागला. सरकारच्या बाजूनेही गणित सरळ होतं. दप्तर सांभाळायला येणारा खर्च एका पारड्यात, त्यातून वाचणारा किंवा मिळणारा महसूल दुसऱ्या पारड्यात. दुसरं पारडं खाली गेलं म्हणून पेशवे दप्तर वाचलं.

त्याच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात खास इमारत बांधली गेली. सुमारे ३५ हजार रुमाल तिथे लावले गेले. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, आणि एका रुमालात हजारभर कागद ही नेहमीची गोष्ट. इतिहास लिहिणाऱ्यांना त्या इमारतीत सहजी शिरकाव नव्हता. ती महसूल खात्याची मालमत्ता होती. गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे हा खजिना अभ्यासकांच्या हाती आला. वि. का. राजवाडे त्याच्या कितीतरी आधीपासून, १८९८ पासून, खाजगी घराण्यांतली दप्तरं छापत होते. वाड्यावाड्यांतून त्यांना फिरावं लागलं त्याचं कारण हेच, की खाजगी दप्तराला महसूल खात्यासारखा सांभाळणारा धनी नव्हता. घरात मोडी वाचणारं शेवटचं माणूस गेलं की रुमाल रद्दीत निघायचा.

ठेवण्याचा आणि टाकण्याचा निर्णय माणसाच्या लहरीवर सोडायचा नाही, तर कागदाच्या जातीवर ठरवायचा, ही कल्पना इंग्रजी अमदानीत हळूहळू नियमांत उतरली. १९१७ साली जुने दस्तऐवज नष्ट करण्याविषयी कायदाच झाला. न्यायालयांचे कागद केव्हा, कसे नष्ट करावेत याचे नियम उच्च न्यायालयांनी करावेत, महसुली कागदांचे महसूल खात्याच्या वरिष्ठांनी करावेत, अशी त्यात तरतूद होती. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आज जी पद्धत चालते ती याच परंपरेतली. प्रत्येक संचिका बंद करताना तिला वर्ग द्यायचा. ‘अ’ म्हणजे कायम. ‘ब’ म्हणजे ३० वर्षं. ‘क’ म्हणजे १० वर्षं, त्याच्या पोटात ‘क-१’ म्हणजे ५ वर्षं. ‘ड’ म्हणजे एक वर्ष. मुदत संपलेले कागद निवडून काढण्याला सरकारी मराठीत निंदणीकरण म्हणतात, आणि हा शब्द ज्याने कोणी घडवला त्याला शेत माहीत होतं. निंदणी करणारी बाई पिकाच्या ओळीत बसून, एकेक रोप ओळखून तण उपटते. वरून नांगर फिरवला तर तणही जातं आणि पीकही.

या पद्धतीचं मर्म वेळेत आहे. वर्ग लावायचा तो प्रकरण संपताना, जेव्हा ते हाताळणाऱ्या लिपिकाला त्याचा आगापिछा ठाऊक असतो. दहा वर्षांनी तीच संचिका दुसऱ्याच्या हाती आली, तर ती समजून घ्यायला अख्खी वाचावी लागते, आणि हजारो संचिका वाचायला कोणाकडे सवड नसते. मग माणूस दोनच गोष्टी करू शकतो. सगळं ठेवतो, नाहीतर सगळं काढतो. लेडनहॉल स्ट्रीटवर तेच घडलं होतं.

बहुतेक कचेऱ्यांत सगळं ठेवलं जातं. ‘उद्या कोणी मागितलं तर?’ या एका प्रश्नापुढे नियमांचं काही चालत नाही. नष्ट केलेला कागद मागितला गेला तर जबाब द्यावा लागतो. न लागणारा कागद वीस वर्षं सांभाळला म्हणून कोणाला कोणी जाब विचारत नाही. त्यामुळे रेकॉर्ड रूम भरते, मग व्हरांडा भरतो, मग लोखंडी कपाटांवर छतापर्यंत गठ्ठे चढतात. कागदाची ही साठवण फुकट वाटते, कारण तिचं बिल वेगळं येत नाही. जागेचं भाडं, वाळवीचा बंदोबस्त, आणि हवा तो कागद शोधण्यात गेलेले तास कुठल्याच खर्चाच्या शीर्षाखाली लिहिले जात नाहीत.

या कोंडीवर अहमदनगरला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उपाय झाला. जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची बैठक, कामाची वाटणी आणि दप्तर या तिन्हींना एकदम हात घातला. साचलेल्या कागदांची छाननी झाली, वर्ग लागले, मुदत संपलेले कागद निघाले, आणि लोकांना कचेरीत बसायला जागा झाली. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव महसूल खात्यात आजही माहीत आहे. त्याच्या जोडीला सहा गठ्ठे पद्धत चालते, ती इतकी साधी आहे की कोणत्याही छोट्या पेढीने उचलावी. टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: चालू प्रकरणं, कोणाच्या उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणं, स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला जायची, आणि नष्ट करायची. सहावा गठ्ठा टेबलावर पहिल्यापासून असतो, यात सगळं आलं. २०१७ च्या सुमारास पुणे विभागात चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम निघाली, तिचीही सुरुवात रेकॉर्ड लावण्यापासूनच झाली.

न लावलेल्या दप्तराचं काय होतं हे मुंबईने २१ जून २०१२ रोजी पाहिलं. मंत्रालयाला आग लागली, पाच माणसं गेली, आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य संचिका राख झाल्या. आगीला ‘अ’ आणि ‘ड’ यांतला फरक कळत नाही. टाकाऊ कागद खोलीत असला की तो ठेवणीतल्या कागदाला सरपण पुरवतो.

संगणक आला तेव्हा वाटलं होतं, जागेचा प्रश्न मिटला. सुरुवात मात्र कमालीच्या टंचाईत झाली होती. १९५६ साली आयबीएमने रामॅक नावाचं यंत्र बाजारात आणलं, तेव्हा त्याच्या साठवणीसाठी चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचाव्या लागत, कपाट दोन फ्रिजांएवढं होई, आणि एवढ्या पसाऱ्यात मावत ५० लाख अक्षरं. आज फोनवर काढलेल्या एका फोटोएवढी. यंत्राचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर. अशा काळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी प्रत्येक अक्षर वाचवलं. सालातले पहिले दोन आकडे गाळून १९६५ ला नुसतं ६५ लिहिलं, तर प्रत्येक तारखेमागे दोन अक्षरांची बचत. लाखो नोंदींमध्ये ही बचत खरीखुरी पैशांची होती, आणि त्या वेळी ती शहाणपणाचीच होती. चुकलं ते मुदतीत. दहा-पंधरा वर्षांसाठी लिहिलेले ते प्रोग्रॅम तीस-चाळीस वर्षं चालले, २००० साल उजाडायची वेळ आली, आणि ०० म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला सांगण्यासाठी जगभरच्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारांनी प्रचंड पैसा ओतला. त्यातला काही मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएस आणि पटणी कॉम्प्युटर्ससारख्या कंपन्यांकडे आला. ज्या पिढीने जुन्या कोबोलमधल्या तारखा एकेक करून दुरुस्त केल्या, तिच्यात मराठी तरुण-तरुणी मोठ्या संख्येने होत्या.

पुसण्याचीही किंमत याच काळात कळली. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या क्षणांची थेट यानाकडून आलेली मूळ चित्रं ज्या टेपांवर होती त्या नासाने पुढे बरीच वर्षं शोधल्या. २००९ मध्ये त्यांना सांगावं लागलं की टेपांच्या टंचाईच्या दिवसांत त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. दूरचित्रवाणीवर दाखवलेली रूपांतरित चित्रं शिल्लक आहेत, मूळ स्वच्छ चित्रं गेली. त्या हजारो टेपांतली ही टेप वेगळी आहे, अशी खूण कोणी केलेली नव्हती.

आता तबकडी स्वस्त झाली आहे, आणि म्हणूनच प्रश्न परत आला आहे. कंपनीतल्या एका माणसाने वीस एमबीचं एक सादरीकरण पन्नास जणांना ईमेलने पाठवलं, की तेच सादरीकरण पन्नास ठिकाणी बसतं. त्यातले दहा जण ते आपल्या संगणकावर उतरवतात, तिघे नावात ‘अंतिम’, ‘अंतिम २’ असं जोडून पुन्हा साठवतात, आणि रात्री या सगळ्याची राखीव प्रत निघते, ती दुसऱ्या शहरात. लेडनहॉल स्ट्रीटच्या दुसऱ्या-तिसऱ्या नकलांची ही थेट वारसदार मंडळी. फरक एवढाच की क्लाउडवर भाडं दर महिन्याला येतं आणि ते साठ्याबरोबर वाढत जातं. एका फाइलचा दर पैशांतही मोजता येणार नाही इतका लहान, बेरीज मात्र वर्षाअखेरीस हिशेबनिसाच्या डोळ्यांत भरणारी. साठवणूक विकणारेही आता सारख्याच मजकुराची एकच प्रत ठेवून बाकीच्यांच्या जागी नुसती खूण ठेवतात, क्वचित लागणाऱ्या फाइली स्वस्त, संथ साठ्यात ढकलतात. याने बिल कमी होतं, पण काय लागेल आणि काय नाही हे यंत्र ठरवू शकत नाही. ते अजूनही त्या लिपिकाचंच काम आहे.

कायद्याने त्यात दोन्ही बाजूंनी हात घातला आहे. कंपनी कायदा, २०१३ सांगतो की हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की ज्या कामासाठी माणसाची माहिती घेतली ते काम संपलं, आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणं भाग नसेल, तर ती पुसा. म्हणजे ग्राहकाची जुनी माहिती ‘असू दे पडून’ म्हणत ठेवणं हा नुसता खर्च नाही, मोठा दंड ओढवू शकेल असा धोकाही आहे. आणि पुसण्याची घाई दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन कंपनीची चौकशी डोक्यावर आली असताना तिची लेखापरीक्षक आर्थर अँडरसन हिने टनांनी कागद यंत्रात घालून कातरले, ईमेल पुसले. कागद नष्ट करण्याचं धोरण त्या फर्मकडे आधीपासून लिहिलेलं होतं, पण एरवी कोणी न पाळलेलं धोरण नेमकं चौकशीच्या तोंडावर पाळलं गेलं. त्याबद्दल फर्मला झालेली शिक्षा २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तोवर फर्म संपली होती. हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

आपल्याकडच्या सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्यांत, म्हणजे केंद्राच्या १९९३ च्या आणि महाराष्ट्राच्या २००५ च्या, नष्ट करण्याला नियमांची चौकट घातलेली आहे. केंद्राच्या कायद्यात एक ठाम रेघ आहे: १८९२ पूर्वीचा कोणताही कागद नष्ट करायचा नाही. वापरता येणार नाही इतका तो फाटला-विटला, तरच त्याला अपवाद, तोही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांच्या किंवा संबंधित अभिलेखागाराच्या प्रमुखांच्या मतानेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीतून नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, आणि महाराष्ट्रभरच्या तहसील कचेऱ्यांत, भूमी अभिलेखांत, शाळांत वर्षानुवर्षं न उघडलेले रुमाल खाली उतरले. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. गावोगावच्या कोतवाल बुकांतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, जुनी जमीनपत्रकं पानापानाने तपासून त्यांच्या प्रती काढल्या गेल्या. लाखो नोंदी सापडल्या. कोणत्या नोंदीवरून कोणाला काय मिळावं यावरचे वाद चालू आहेत आणि ते चालतील. पण शंभर वर्षांपूर्वी गावात जन्मलेल्या एका मुलाची, कोतवालाने सांगितलेली आणि कोणीतरी बोरूने लिहिलेली ती ओळ आज वाचता आली. कारण जन्म-मृत्यूच्या वह्या कायम ठेवायच्या, हे ठरलेलं होतं, आणि मधल्या काळात त्या कचेरीत येऊन गेलेल्या प्रत्येक रेकॉर्ड किपरने बाकीचं काढताना तो एक रुमाल जागच्या जागी परत बांधून ठेवला होता.